दहावी-बारावीनंतरची वाट आणि घरातला मोबाईल



निकाल लागला की वस्तीत पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याच दिवशी घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो. पुढे काय? हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक पास झाले, तेव्हा सुभेदार रामजींच्या घरातही तो होताच. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी पुढाकार घेऊन सयाजीराव महाराज गायकवाड यांच्याशी गाठ घालून दिली, दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि कॉलेजचे शिक्षण सुरू राहिले. पुढे १९१३ साली त्याच बडोदा संस्थानच्या मदतीने ते कोलंबिया विद्यापीठात गेले. बुद्धी होती, अठरा तास बसण्याची तयारी होती, तरीही दार कुठे आहे हे दाखविणारा एक माणूस लागलाच.

आज हे दार मोबाईलमध्ये आहे. सातपूर-अंबडला पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या घरातही निदान एक स्मार्टफोन असतो. तरीही आपल्या मुलांच्या शिष्यवृत्त्या अडतात, प्रवेश हुकतात. माझ्या अनुभवाने सांगतो, याचे कारण माहितीचा तुटवडा हे नाही. आपण आपला अर्ज दुसऱ्याच्या हाती सोपवून मोकळे होतो, हे खरे कारण आहे.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचेच पाहा. ही शिष्यवृत्ती १९४४ साली, इंग्रजांच्या राजवटीत सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आज तिचा अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. अकरावीपासून पुढच्या सर्व शिक्षणासाठी, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर ती मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तरी फ्रीशिपचा वेगळा अर्ज तेथेच आहे, त्यामुळे 'साहेब, आम्ही बसत नाही' म्हणून घरी बसू नये. अर्जाला शासनाची फी नाही. भरून देणाऱ्याने आपल्या मेहनतीचे पैसे मागितले तर गोष्ट वेगळी, पण 'सरकारी फी' म्हणून पैसे मागणारा खोटे बोलतो आहे असे समजावे.

आमच्या वसाहतीतल्या एका हेल्परच्या मुलीने अकरावीला असा अर्ज भरला, म्हणजे नेटकॅफेवाल्याने भरला. मोबाईल नंबर त्याचाच, ई-मेल त्याचाच आणि पासवर्डही त्यालाच माहीत. उत्पन्नाचा दाखला जुना जोडला गेला म्हणून कॉलेजने अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठविला. तसा निरोप कॅफेवाल्याच्या फोनवर गेला. दिवसाला शेकडो निरोप येणाऱ्या त्या माणसाने तो पाहिलाही नसेल. घरची मंडळी मात्र अर्ज भरल्याची पावती बाबासाहेबांच्या फोटोमागे जपून ठेवून निश्चिंत होती. मुदत संपली आणि त्या वर्षाचे पैसे गेले. ती मुलगी हुशार होती, पण पुढच्या वर्षी फीसाठी आईने कानातले मोडले.

म्हणून कॅफेत गेलात तरी नंबर आपला, तोही आधारला जोडलेला द्यावा. पासवर्ड मुलाने स्वतः ठरवावा आणि वहीत लिहून ठेवावा. अर्ज आधी कॉलेजच्या टेबलावर जातो, तेथून समाजकल्याणच्या टेबलावर. मी स्वतः कारकुनी करतो, त्यामुळे जाणतो की फाईल अडते ती बहुधा एखाद्या कागदासाठी, आणि ज्याची फाईल त्याने विचारले नाही तर ती तेथेच राहते. दर रविवारी पाच मिनिटे अर्जाची स्थिती पाहण्याची सवय मुलांना लावा. अर्ज परत आलेला दिसला तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून पाठवा. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हेही शाखेत जाऊन विचारावे, कारण पैसे आता थेट त्याच खात्यात येतात. त्यातला कॉलेजच्या फीचा भाग वेळेवर कॉलेजात भरायचा असतो. घरात गॅस संपला म्हणून तो खर्च झाला की पुढे परीक्षेच्या वेळी अडवणूक होते. अर्ज दरवर्षी नव्याने चालू ठेवावा लागतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

आता सर्वांत जड विषय, जात पडताळणीचा. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल अशा व्यावसायिक पदवीला राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर वैधता लागते, आणि मुदतीत दिली नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करून ती मिळेल या भरवशावर राहू नये. अकरावी विज्ञानला प्रवेश झाला की कॉलेजमार्फत अर्जाची तयारी सुरू करावी. हा अर्ज बार्टीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरला जातो. बार्टी म्हणजे पुण्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था.

मात्र पुरावा कॉम्प्युटरमध्ये तयार होत नाही, तो गावच्या शाळेच्या कपाटात असतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, गावची जन्म-मृत्यूची नोंद असे कागद त्यासाठी उपयोगी पडतात. त्यात 'महार' असे लिहिलेले पाहून काही तरुण नाराज होतात, काही घाबरतात. आपली दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, मग १९५० च्या आधीच्या कागदावर दुसरे काय असणार? उलट तोच कागद आपला आधार आहे. धर्मांतरित बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचा हक्क १९९० च्या कायद्याने मिळाला, त्यासाठी किती मोर्चे निघाले ते ज्येष्ठांना विचारावे. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाईकाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत अवश्य जोडा, काम पुष्कळ सोपे होते. भावकीत अबोला असेल तर तो मुलांच्या शिक्षणापुरता तरी सोडावा.

नाशकात आपली किती तरी कुटुंबे जळगाव, बुलढाणा, जालना, परभणीकडून पोटासाठी आलेली आहेत. त्यांनी ध्यानात ठेवावे की दाखला मूळ गावाच्या तालुक्यातून निघतो आणि पडताळणीही त्याच जिल्ह्याच्या समितीकडे होते. नाशिकच्या सामाजिक न्याय भवनात खेटे घालून ते काम होणार नाही. आणखी एक गोष्ट सांगतो. अनुसूचित जातीला नॉन-क्रीमी लेयरचा दाखला लागत नाही. तो काढून देतो म्हणून पैसे उकळणारे दलाल मी पाहिले आहेत.

प्रवेशाच्या संकेतस्थळांविषयी. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या स्थळावर, आणि पदवीच्या प्रवेश परीक्षा सीईटी कक्षाच्या स्थळावर. सीईटीचे अर्ज बारावीच्या परीक्षेआधीच सुरू होतात. कॉमर्सच्या मुलांनीही हे वाचावे, कारण २०२४ पासून बीबीए, बीसीएसाठीही सीईटी आली आहे. सरकारी स्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असते असे सांगतात ते बहुतांशी खरे आहे, पण सीईटी कक्षाचा पत्ता 'ऑर्ग'ने संपतो. म्हणून शोधताना वर जाहिरात म्हणून येणाऱ्या नावावर बोट ठेवू नका. कॉलेजच्या फलकावरचा किंवा माहिती पुस्तिकेतला पत्ता जसाच्या तसा टाका.

क्लासची फी परवडत नाही म्हणून सीईटी, नीट सोडून देणाऱ्यांसाठी आयआयटी कानपूरचे 'साथी' हे मोफत स्थळ आहे. बालभारतीची पुस्तकेही ई-बालभारतीवर फुकट मिळतात. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला म्हणजे अभ्यास झाला असे मात्र नव्हे, वही-पेन घेऊन बसावेच लागते.

प्रत्येकाने इंजिनिअरच व्हावे असा माझा आग्रह नाही. दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमावरून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. सातपूरचा आयटीआय आणि सामनगाव रोडचे शासकीय तंत्रनिकेतन आपल्या दारात आहेत. आयटीआय झालेल्यांनी केंद्राच्या अप्रेंटिसशिप स्थळावर नाव नोंदवून ठेवावे, ओझरच्या एचएएलसारखे कारखाने तेथूनच उमेदवार घेतात. आणि ज्याला बारावीनंतर घरासाठी कामाला लागावे लागले, त्याच्यासाठी गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे. पाळी सांभाळून पदवी घेतलेले कितीजण आपल्या वस्त्यांत आहेत.

येवला, नांदगाव, चांदवडकडून शिकायला येणाऱ्या मुलांनी शासकीय वसतिगृहाचा ऑनलाइन अर्ज करावा. तेथे जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. जेवण, खोली व इतर खर्चासाठी नाशिकला वर्षाला ५१ हजार आणि पुण्या-मुंबईला ६० हजार रुपये मिळतात. ज्या शहरात कॉलेज आहे तेथलाच रहिवासी असलेल्याला ती मिळत नाही.

या महिन्यापासून दर रविवारी सकाळी वंदनेनंतर आमच्या विहारात दोन कॉलेजची मुले मोबाईल घेऊन बसतात आणि अर्ज विनामूल्य तपासून देतात. आपापल्या विहारातही असे करणे कठीण नाही. येताना विद्यार्थ्याला सोबत आणावे. नुसते वडील आले तर ओटीपी मुलाच्या फोनवर घरी येऊन पडतो. आधार, बँक पासबुक, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला जवळ असावा. रजिस्टरच्या उताऱ्यासाठी गावी जाणार असाल तर शाळा चालू असताना जा. मे महिन्यात कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते आणि मुख्याध्यापक त्यांच्या गावी असतात.