पगार आणि सोबती

आमचे विद्यार्थी पुढें पुण्यास संगणकाच्या नोकऱ्या धरतात, तेव्हां पालक पगार तेवढा विचारतात. आमच्या मतें बुद्धीचें काम करणाऱ्याचें समाधान सोबत्यांच्या वागणुकीवर अधिक अवलंबून असतें. शंका विचारणाऱ्यास जेथें हसतात, तेथें हुशार मनुष्यहि घड्याळाकडे पाहात बसतो. आपल्या नगरचाच दाखला घ्या. ऑगस्ट १९४२ मध्यें येथील किल्ल्यांत काँग्रेसचे बारा पुढारी बंदींत पडले. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पांच महिन्यांत नेहरूंनीं तेथेंच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला. वेतन नाहीं, स्वातंत्र्य नाहीं (तुरुंगास सुख कोण म्हणेल?); पण वाद घालावयास मौलाना आझाद, नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत यांसारखे विद्वान होते. त्यांच्याशीं झालेल्या चर्चेचें ऋण नेहरूंनीं प्रस्तावनेंत मानलें आणि ग्रंथ सोबतच्या बंदिवानांसच अर्पण केला.