दहा वर्षांची हमी, एका वर्षाची मोटर

फ्रीजच्या जाहिरातींत काँप्रेसरची दहा वर्षांची हमी मोठ्या अक्षरांत मिरवली जाते. बाकीच्या भागांना बहुधा एकाच वर्षाची हमी आहे, हे मात्र बारीक टायपात सांगितले जाते. ग्राहकाची लूट नेमकी या बारीक टायपात दडलेली आहे.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये काँप्रेसरच्या बळावर निर्माण झालेली थंडी खालच्या कप्प्यापर्यंत पोचवण्याचे काम फ्रीझरच्या मागील झाकणाआड बसवलेला एक लहानसा पंखा करतो. त्याची मोटर जळाली की फ्रीझरमधला बर्फ काही काळ तसाच टिकतो, पण खाली ठेवलेले दूध नासू लागते. काँप्रेसर ठणठणीत, त्याची हमी शाबूत, आणि फ्रीज मात्र निकामी!

वास्तविक हे दुखणे मोठे नाही. वीज तोडावी, साचलेला बर्फ वितळू द्यावा, झाकण काढावे, मोटरपर्यंत वीज पोचते की नाही हे मीटर लावून पाहावे, आणि दोष मोटरचाच ठरला तर त्याच व्होल्टेजची व त्याच दिशेने फिरणारी दुसरी मोटर बसवून पाते पूर्ववत चढवावे. जाणत्या मेकॅनिकला हे काम अवघड नाही. नव्या मोटरीची किंमत नव्या फ्रीजच्या किमतीचा एक लहानसा अंश असते. तरीही ग्राहकाच्या कानी पडणारा सल्ला ठरलेला असतो : भाग मिळत नाही, आता नवाच घ्या.

भाग मिळत नाही याचे कारण टंचाई नव्हे. मॉडेलागणिक मोटरीची बैठक व तारांचा जोड बदलायचा, दुरुस्तीची माहितीपुस्तिका आपल्याच सेवाकेंद्रांत कोंडून ठेवायची आणि सुटा भाग खुल्या बाजारात जाऊ द्यायचा नाही, अशी ही व्यवस्था आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून सरकार जनतेच्या पैशाने शीतयंत्रांचे कारागीर तयार करते. तोच कारागीर पुढे नाक्यावर दुकान थाटतो, तेव्हा त्याच्या हाती कौशल्य असते, पण भाग नसतो. बेकारीचे खापर मात्र त्याच्याच 'अकुशलते'वर फोडले जाते.

यावर कंपन्यांचे उत्तर तयार असते : सुरक्षितता! आजच्या अनेक फ्रीजमध्ये ज्वलनशील आयसोब्युटेन वायू असतो आणि त्याच्या नळ्यांना अडाण्याने हात लावू नये, हे खरेच आहे. पण पंख्याची मोटर बदलताना त्या नळ्या उघडाव्याच लागत नाहीत. भीती वायूची दाखवायची आणि कुलूप मोटरीला लावायचे, ही शुद्ध फसवणूक होय. मोटार कंपन्यांनीही सुरक्षिततेची हीच ढाल पुढे केली होती. तरीही सुटे भाग व दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांपासून अडवून ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 साली 14 मोटार कंपन्यांना दंड ठोठावलाच.

फ्रीज ही चैनीची वस्तू, तिच्यासाठी समाजवाद्यांनी का झगडावे, असे काही सोवळे मित्र विचारतील. त्यांनी कामगार वस्तीत एक फेरी मारावी. तेथे हप्त्यांवर घेतलेल्या फ्रीजमध्ये मधुमेही रुग्णाचे इन्शुलिन असते, पहाटे कामावर जाणाऱ्या बाईने रात्रीच करून ठेवलेली भाजी असते. श्रीमंताचा फ्रीज बिघडला तर तो दुसरा घेतो. कष्टकऱ्याचे जुने हप्ते फिटण्याआधीच त्याच्या बोकांडी नवे हप्ते बसतात. जुने धूड भंगारात जाते आणि त्याच्या विषारी कचऱ्याशी झगडावे लागते ते पुन्हा गरिबालाच.

केंद्र सरकारने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, एक संकेतस्थळही सुरू केले. परंतु संकेतस्थळ माहिती देते, सक्ती करीत नाही. युरोपीय संघाने मार्च 2021 पासून फ्रीजचे थर्मोस्टॅट, तापमान-संवेदक, सर्किट बोर्ड आणि दिवे यांचा पुरवठा, मॉडेलची विक्री संपल्यावरही किमान सात वर्षे चालू ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. पण त्या यादीत पंख्याची मोटर नव्हती! कायदा झाला म्हणजे लढाई संपली असे मानणाऱ्यांनी यापासून धडा घ्यावा. यादी कोण लिहितो, यावर कायद्याचे मोल ठरते, आणि ती लिहिताना टेबलापाशी कारागीर असलाच पाहिजे.

म्हणून मागणी नेमकी हवी. पंख्याच्या मोटरीसह प्रत्येक चालत्या भागाचा किमान दहा वर्षे, जाहीर किमतीत, कोणत्याही कारागिराला पुरवठा झाला पाहिजे. माहितीपुस्तिका खुली झाली पाहिजे. काँप्रेसरची हमी देणाऱ्याने ती थंडी कप्प्यापर्यंत पोचवणाऱ्या पंख्याचीही तेवढीच हमी दिली पाहिजे.

मुंबईच्या स्त्रियांनी 1972 साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध रस्त्यावर येऊन दाखवून दिले की, स्वयंपाकघरातला प्रश्न हा राजकीय प्रश्न असतो. त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत मेकॅनिक आणि गृहिणी यांना एका सभेत बसवावे, न मिळणाऱ्या भागांची यादी त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावी आणि तीच मागणीपत्र म्हणून सरकारपुढे ठेवावी. या लढ्याचे पहिले पाऊल तेच होय.