रसाला चुना, रानाला नव्हे



मागे गटात फिरताना एका सभासदाने आम्हांला बांधावरच अडवले. खोडव्याचे शेंडे पिवळे पडलेले. "साहेब, कोकणातला पाहुणा म्हणतो, मुळ्या आखडल्यात, चुना टाका. दोन टन सांगून ठेवलाय. टाकू ना?"

आम्ही म्हटले, "दादा, पाहुणा खोटं बोलत नाही. पण त्याचं रान वेगळं, तुमचं वेगळं."

कोकणात जांभ्याची माती, वर धो-धो पाऊस. त्या पावसाने मातीतला चुना पार धुऊन नेला नि माती आंबट झाली. ॲल्युमिनियम प्रत्येक मातीत असतेच, आपल्या काळ्या मातीतही आहे. पण ते कणांत बंदिस्त असते. सामू ५.५ च्या खाली गेला की ते विरघळते आणि पहिला घाव घालते मुळाच्या टोकावर. मूळ वाढायचे थांबते. आखूड, जाड, ठिसूळ होते. स्फुरद अडकून बसते, जमिनीत ओल असून पीक सुकते. काही झाडे यावर तोड काढतात. गव्हाच्या काही जाती मुळाच्या टोकातून सेंद्रिय आम्ल सोडून ॲल्युमिनियमला बांधून टाकतात. चहा तर ते पानांत साठवतो. ज्या पिकाला हे जमत नाही, त्याला चुना हेच औषध.

आता आपले रान पाहा. नांदेड-लातूरकडची काळी माती, सामू बहुधा ७.५ ते ८.५. विहीर खणा, चुनखडीचे पांढरे खडे वर येतात. इथे ॲल्युमिनियमची भीती नाही. पण लोह मात्र असूनही पिकाला मिळत नाही. कोवळे पान पिवळे, शिरा हिरव्या, पुढे पान पांढरे. हाच तो केवडा. पाणी साचले की तो वाढतो. अशा रानात चुना टाकणे म्हणजे पैसा मातीत घालून रोगाला आवतण देणे. इलाज म्हणाल तर हेक्टरी २५ किलो हिराकस शेणखतात मुरवून द्यावे, उभ्या पिकावर ०.५ टक्क्याची फवारणी करावी, ताग-धैंचा गाडावा आणि पाणी बेताने द्यावे.

१९७२ साली परभणीला आणि दापोलीला वेगळी कृषी विद्यापीठे झाली, ती उगाच नव्हे. माती बदलली की सल्ला बदलतो.

दोष एकट्या सभासदाचा नाही. आम्ही शेतकी खात्याची माणसेही सगळ्या गटांना एकच खताचा तक्ता वाटत आलो. आमचे स्पष्ट मत आहे की, यापुढे लागणीच्या नोंदीबरोबर माती परीक्षणाचा अहवाल घ्यावा आणि तो पाहूनच खत उधारीवर द्यावे. काहींना हा जाच वाटेल. वाटू द्या. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका मिळू लागल्या, पण पुष्कळांच्या त्या पेटीतच पडून आहेत. तांबडी माती दिसली म्हणजे ती आंबटच, असेही समजू नका. डोळ्यांना सामू दिसत नाही.

त्या सभासदाची माती तपासली. सामू ८.२. चुन्याचा सौदा मोडला. हिराकस फवारल्यावर नवे पान हिरवे आले.

आपल्या कारखान्यात उसाचा रस आंबट असतो, म्हणून त्यात चुना घालतात. पण तिथला केमिस्ट सामू मोजल्याशिवाय चुना सोडत नाही. एवढी काळजी आपण रसाची घेतो, मग ज्या रानातून तो रस येतो त्याची का घेऊ नये?