विश्लेषण : न्यायाधीश व्हायचे तर आधी तीन वर्षे वकिली, पण ज्युनियरला घडवणार कोण?

विधी पदवीचा निकाल लागला की थेट पुण्यातील अभ्यासिका गाठायची आणि दिवाणी न्यायाधीशपदाच्या एमपीएससी परीक्षेला बसायचे, हा अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक मुलामुलींचा ठरलेला मार्ग होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने तो बंद झाला. आता आधी कोर्टात तीन वर्षे काढावी लागतील. ती कोणाच्या हाताखाली काढायची, त्या काळात खर्च कसा भागवायचा आणि नेमके काय शिकायचे, हे मात्र निकालात नाही. मुंबईतील मोठ्या लॉ फर्म नव्या वकिलांच्या प्रशिक्षणावर, अगदी नेतृत्वगुणांच्या कार्यशाळांवरही खर्च करतात. जिल्हा न्यायालयात हे सगळे काम एकट्या सीनियरवर येऊन पडते.

निर्णय काय आहे?

ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. हा कालावधी तात्पुरती सनद मिळाल्याच्या तारखेपासून मोजला जाईल. न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही धरले जाईल. किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाने उमेदवाराला प्रमाणपत्र द्यायचे आणि त्यावर जिल्ह्याच्या किंवा त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने शिक्कामोर्तब करायचे, अशी पद्धत ठरली. निकालापूर्वीच सुरू झालेल्या भरतीला ही अट लागू नाही.

अट नवी नाही. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ती घातली होती. हुशार पदवीधर तीन वर्षे थांबत नाहीत, दुसरीकडे निघून जातात, अशी भूमिका शेट्टी आयोगाने घेतली आणि २००२ मध्ये न्यायालयाने अट काढून टाकली. त्याऐवजी निवड झालेल्यांना किमान एक वर्ष, शक्यतो दोन वर्षे प्रशिक्षण द्यावे, असे तेव्हा सांगितले गेले. कोर्ट कधी न पाहिलेला तरुण एकदम न्यायासनावर बसल्याने अडचणी येतात, असा अनुभव बहुतेक उच्च न्यायालयांनी मांडल्याने चक्र उलटे फिरले.

तीन वर्षांत ज्युनियर करतो काय?

नगरच्या जिल्हा न्यायालयात किंवा श्रीगोंदा, पाथर्डी, नेवाशाच्या कोर्टात नव्या वकिलाचे पहिले वर्ष कसे जाते, हे बार रूममध्ये अर्धा तास बसले तरी कळते. सकाळी बोर्ड पाहायचा, सीनियरची प्रकरणे कोणत्या कोर्टात आहेत ते टिपायचे, पुकारा झाला की उभे राहून मुदतीचा अर्ज द्यायचा, पुढची तारीख डायरीत लिहायची. नकलेचा अर्ज, कोर्ट फी, वकालतनाम्यावर सह्या, पक्षकाराला फोन. संध्याकाळी ऑफिसात टायपिंग. या कामांना कमी लेखण्याचे कारण नाही. कोर्टाची कार्यपद्धती अशीच अंगवळणी पडते. प्रश्न असा, की यापुढे काय?

दावा लिहिणे, कैफियत तयार करणे, जामीन अर्जावर युक्तिवाद करणे आणि सर्वात अवघड म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी घेणे, ही कौशल्ये पुस्तकातून येत नाहीत. कोणीतरी आपल्या पक्षकाराचे प्रकरण विश्वासाने हाती द्यावे लागते आणि चुकले तर सावरावे लागते. ज्या सीनियरकडे वेळ आणि वृत्ती आहे, त्याच्याकडचा ज्युनियर दोन वर्षांत स्वतंत्र प्रकरणे चालवू लागतो. जिथे तसे नाही, तिथे तिसऱ्या वर्षीही तारखाच घेतो. दोघांनाही मिळणारे प्रमाणपत्र सारखेच असेल, कारण ते किती वर्षे झाली एवढेच सांगणार. काय शिकले ते नाही.

दुसरी बाजूही पाहायला हवी. तालुक्याच्या कोर्टात काम करणाऱ्या सीनियरची फीसुद्धा पक्षकाराच्या पिकावर अवलंबून असते. तीन वर्षांनी परीक्षा देऊन निघून जाणार हे माहीत असलेल्या ज्युनियरवर त्याने वेळ का घालवावा, हा प्रश्न कडवट वाटला तरी खरा आहे. नव्या अटीमुळे असे ‘तात्पुरते’ ज्युनियर वाढणार आहेत.

पैशांचे काय?

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचवले. सुचवले, बंधनकारक केले नाही. लहान गावांतील सगळ्याच सीनियरना ते परवडणार नाही, याची कबुली परिपत्रकातच आहे. त्याआधी जून २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडू आणि पुद्दुचेरीसाठी याच रकमा ठरवून दिल्या होत्या.

सनदेचा खर्च मात्र खरोखर कमी झाला. राज्य बार कौन्सिलांना नोंदणीसाठी कायद्यातील ७५० रुपयांपेक्षा (अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये) जास्त शुल्क घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला.

इंजिनीअरिंग केलेल्या माझ्यासारख्याला एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आणि अधिवक्ता कायदाही १९६१ चाच. पहिल्यात पदवीधर शिकाऊ उमेदवाराला किमान विद्यावेतन द्यावेच लागते. २०१९ च्या दुरुस्तीने ते ९ हजार रुपये झाले. दुसऱ्यात ‘शिकाऊ वकील’ असा शब्दच उरलेला नाही. सनद मिळाली की तो पूर्ण वकील. हृदयविकाराच्या डॉक्टरची बरोबरी एमबीबीएसच्या पहिल्या दिवशी व्हावी तसे!

पूर्वी प्रशिक्षण होते का?

होते. १९६१ च्या मूळ कायद्यात नोंदणीपूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षेची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती गेली. पुढे १९९५ मध्ये बार कौन्सिलने नियम करून वर्षभराची उमेदवारी सक्तीची केली. त्याला आव्हान मिळाले. संसदेने अधिकार काढून घेतल्यावर कौन्सिलला असा नियम करता येत नाही, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये व्ही. सुधीर प्रकरणात हे नियम रद्द केले. त्यानंतर संसदेने तो अधिकार परत दिलेला नाही. २०१० पासून अखिल भारतीय बार परीक्षा आली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती वैध ठरवली. पण ती लेखी परीक्षा आहे, तिने उलटतपासणी येत नाही. महाविद्यालयीन काळातील इंटर्नशिप तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची असते. ती कितपत गांभीर्याने होते, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.

इंग्लंडमध्ये बॅरिस्टरला सहसा वर्षभराची ‘प्युपिलेज’ करावी लागते आणि तिचे किमान मानधन नियामक मंडळ ठरवते. न्यूयॉर्कमध्ये अनुभवी वकिलालाही दर दोन वर्षांत २४ तासांचे शिक्षण पूर्ण करावे लागते. आपल्याकडे निवड झालेल्या न्यायाधीशासाठी उत्तनची महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. वकिलाने मात्र सनद घेतल्यानंतर १ जुलै २०२४ रोजी तिन्ही फौजदारी कायदे बदलले तरी काही शिकलेच पाहिजे, असे बंधन नाही. केरळ बार कौन्सिलने मात्र कोचीत वकिलांच्या निरंतर शिक्षणासाठी स्वतःची अकादमी चालवली आहे.

जिल्ह्यात संधी कोणत्या?

न्यायाधीश होणे हेच एक ध्येय मानले तर तीन वर्षे वाया गेल्यासारखी वाटतील. अहिल्यानगरमधील वाद पाहिले तर चित्र वेगळे दिसते. सहकारी साखर कारखाने, पतसंस्था, बँका यांचे जाळे इथे आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेवीदारांना सहकार कायदा, ठेव विमा आणि ठेवीदार संरक्षण कायदा एकत्र समजावून सांगणारा वकील हवा होता. समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून गेला, त्यात भूसंपादनाचे प्रश्न आले. धनादेश न वटल्याची आणि मोटार अपघाताची प्रकरणे प्रत्येक कोर्टात आहेत. एका विषयात हात बसवणारा ज्युनियर ‘सगळे काही’ करणाऱ्यापेक्षा लवकर उभा राहतो, असे माझे निरीक्षण आहे. वकिलाला जाहिरात करता येत नसल्याने (बार कौन्सिलचा नियम ३६) ओळख कामातूनच होते.

नवोदितांसाठी आणखी एक दार आहे, त्याची चर्चा कमी होते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेतील लोकअभिरक्षक कार्यालयात सहायक पदासाठी शून्य ते तीन वर्षांचा अनुभव पुरतो, तर मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी वकिलीचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. दरमहा मानधन, हातात खरे खटले आणि वर अनुभवी वकील. खासगी प्रॅक्टिस मात्र सोडावी लागते. पदे थोडी आहेत.

अंतर हा या जिल्ह्याचा जुना प्रश्न. क्षेत्रफळाने राज्यात सर्वात मोठा, १४ तालुक्यांचा जिल्हा. अकोल्याहून जिल्हा न्यायालय शंभरहून अधिक किलोमीटरवर आहे आणि उच्च न्यायालयाचे काम छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात चालते. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांची न्यायालये असल्याने थोडा दिलासा आहे. पण अपिलाचे काम शिकायचे तर संभाजीनगरला मुक्काम हलवावा लागतो.

वरिष्ठ वकील म्हणून नियुक्तीसाठीची गुणपद्धती सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्द केली. त्याच निकालात सत्र आणि जिल्हा न्यायालयांत काम करणाऱ्या वकिलांचाही विचार व्हावा, असे म्हटले आहे. कोपर्डी खटल्यात २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयात सरकारची बाजू मांडणारे उज्ज्वल निकम यांची सुरुवात जळगावच्या जिल्हा न्यायालयातच झाली होती.

नेतृत्व कोणाकडे?

नगरच्या वकिलीतून पुढे आलेले कुंदनमल फिरोदिया १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. वकील संघटनेतून सार्वजनिक जीवनात जाण्याची ती परंपरा जुनी आहे. अलीकडे संघटनेची ताकद सर्वात ठळक दिसली ती जानेवारी २०२४ मध्ये. राहुरी तालुक्यातील वकील दाम्पत्याच्या खुनानंतर राज्यभर वकिलांनी कामकाजापासून दूर राहून संरक्षण कायद्याची मागणी केली. राजस्थान आणि कर्नाटकने २०२३ मध्ये असे कायदे केले आहेत.

एकजुटीची ही ताकद ज्युनियरच्या शिक्षणासाठी का वापरली जात नाही? बार रूममध्ये महिन्यातून दोन शनिवार उलटतपासणीचा सराव घ्यायला, ज्युनियरने कोणती कामे केली याची सीनियरच्या सहीची वही ठेवायला आणि प्रमाणपत्राला ती जोडायला कोणत्याही कायद्यात बदल नको. सही अडवून ठेवली तर दाद कोठे मागायची, हेही संघटनेने आधी ठरवलेले बरे. विशेषतः तरुणींसाठी, कारण सीनियर बदलणे त्यांना लहान गावात सोपे नसते. सुप्रीम कोर्ट बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत महिलांना किमान एक तृतीयांश जागा देण्याचा आदेश मे २०२४ मध्ये आला. तालुका संघटनांच्या कार्यकारिणीच्या याद्या त्या नजरेने वाचून पाहाव्यात.

निकालानंतर, २०२५ च्या उन्हाळ्यात पदवी घेऊन तात्पुरती सनद काढलेल्यांची तीन वर्षे २०२८ मध्ये पूर्ण होतील. प्रमाणपत्रावर सही मागायला ते तेव्हा सीनियरच्या टेबलासमोर उभे असतील.