अपयशाचा उपयोग

‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हे वाक्य शाळेच्या फळ्यावर आपण सर्वांनीच वाचलेले आहे. मला ते कधी फारसे पटले नाही. पहिल्या पायरीनंतर दुसरी येईलच, याची हमी कोणी द्यायची? इंग्लिश फुटबॉलपटू गॅरेथ साउथगेटची कारकीर्द पाहिली की ही शंका बळावते आणि त्याच्याविषयीचा आदरही वाढतो.

२६ जून १९९६ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेचा उपांत्य सामना झाला. जर्मनीविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाल्याने निकाल पेनल्टी किकवर आला. दोन्ही संघांच्या पाचही किक यशस्वी ठरल्या. इंग्लंडची सहावी किक साउथगेटची होती. गोलरक्षक कोप्केने ती अडवली आणि यजमान स्पर्धेबाहेर गेले. साउथगेट देशासाठी ५७ सामने खेळला. लोकांच्या लक्षात राहिली ती ही एक किक.

२०१६ मध्ये तोच राष्ट्रीय संघाचा व्यवस्थापक झाला. पेनल्टी म्हणजे निव्वळ नशीब, हा समज त्याने मानला नाही. २०१८च्या विश्वचषकापूर्वी त्याने खेळाडूंकडून कित्येक महिने पेनल्टीचा सराव करून घेतला. घाई न करता किक मारण्यावर भर दिला. त्या स्पर्धेत कोलंबियाला हरवून इंग्लंडने विश्वचषकातील आपला पहिला पेनल्टी-विजय मिळवला.

परंतु मला त्याचे मोठेपण दिसते ते २०२१ साली. युरोपियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध रॅशफोर्ड, सँचो आणि साका या तिघांच्या पेनल्टी हुकल्या. साका तर अवघा १९ वर्षांचा होता. या कृष्णवर्णीय तरुणांवर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. किक कोणी मारायची हे आपणच ठरवले होते, दोष आपला, असे साउथगेटने जाहीरपणे सांगितले. १९९६ची ती रात्र त्याने अशी कामी आणली.

त्याचा खेळ फार सावध असे, ही टीका खोटी नव्हे. २०२४ मध्ये स्पेनविरुद्धचा अंतिम सामनाही इंग्लंडने गमावला आणि त्याने पद सोडले. चषक त्याच्या हाती आलाच नाही. फळ्यावरच्या वाक्याप्रमाणे त्याला अयशस्वीच म्हणावे लागेल.

मला तसे वाटत नाही. निकालाच्या दिवशी सूचना-फलकापाशी यादीत आपला क्रमांक न सापडलेला कोणी तरी उभा असतोच. त्याला पायरीचे सुभाषित ऐकवण्यापेक्षा, त्या प्रसंगातून स्वतः गेलेल्या एखाद्याने शेजारी जाऊन उभे राहावे. अपयशाचा एवढा उपयोग तर आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल.