बाळंतीण सासरी परतते तेव्हा

मा. उपसंचालक, आरोग्य सेवा, अकोला मंडळ यांस,


वऱ्हाडात पहिलं बाळंतपण सहसा माहेरी होतं. आशाताईच्या नवजात बाळासाठीच्या गृहभेटी ४२व्या दिवशी संपतात, तेव्हा बाळंतीण बहुधा आईकडेच असते. बाळाला झोळीत घालून वजन होतं, ताप पाहिला जातो, दुधाची चौकशी होते. पुढे ती सासरी परतते आणि मारणारा नवरा असेल तर तो तिथे असतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या आईला आपली यंत्रणा नेमकी तिच्या त्यातल्या त्यात सुखरूप दिवसांत भेटते. म्हणून मागणी एकच: अमरावती-अकोल्यात साडेतीन आणि नऊ महिन्यांच्या लसीकरणावेळी बाळाबरोबर आईचीही विचारपूस व्हावी, तिच्या मनाची आणि घरातल्या मारझोडीची.

विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या गोव्यातल्या २००२ सालच्या अभ्यासात २३ टक्के मातांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांत नैराश्य आढळलं. गरिबी, बिनसलेला संसार आणि नवऱ्याची मारहाण हे त्यातले ठळक धोके होते. मुलगी झाली की या धोक्यांचा जाच आणखी वाढे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे आणि जवळपास दर चौथ्या विवाहितेने नवऱ्याची हिंसा सोसली आहे. कोवळ्या वयाच्या आईला हे सगळं एकदमच भोगावं लागतं.

सासूसमोर ती बोलणार नाही, हे खरंच. पण अंगणवाडीत लस टोचल्यावर बाळाला थोडा वेळ थांबवतातच. नर्सताईने तेवढ्यात आईला बाजूला घ्यावं. आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे, तेव्हा हे काम त्यांच्यावर लादायचं असेल तर वेगळा मोबदला द्यावा. अठराच्या आतल्या आईला मात्र विचारण्यापूर्वीच सांगावं लागेल की पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिला अंधारात ठेवून काढून घेतलेलं उत्तर हा विश्वासघात ठरेल.

उरतो खरा आक्षेप: विचारून पुढे काय, मानसोपचारतज्ज्ञ आहेत कुठे? याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळालेलं आहे. अमरावतीतल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना समुपदेशन शिकवलं. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. अमरावतीचं डफरीन आणि अकोल्याचं लेडी हार्डिंग ही स्त्री रुग्णालयं पुढच्या उपचारासाठी, तर मारहाणीच्या तक्रारींसाठी सखी केंद्रं आहेत. आपण या दोन जिल्ह्यांसाठी तसा लेखी आदेश काढावा आणि येत्या लसीकरण सत्रांपासूनच अंमल सुरू करावा, ही कळकळीची विनंती.