अवयवदान : मुलांच्या डॉक्टरांनी आधी बोलावे

भाताचे, नागलीचे सांगायचे सोडून कृषी खात्याच्या माणसाने अवयवदानावर का लिहावे, असे शहापूर-मुरबाडचे शेतकरी बांधव विचारतील. पण बांधावर किडीची चौकशी होते, तशी पोराबाळांच्या दुखण्याचीही होते. अवयवदान म्हटले की मात्र उत्तर ठरलेले, "ते मुंबईवाल्यांचं काम, साहेब." भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते, तिथल्या दवाखान्यांतले ज्ञान मात्र आपल्या पाड्यावर पोचत नाही.

१९९८ साली दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात वीस महिन्यांच्या मुलाला वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवला. लहान मुलावरचे देशातले ते पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. त्याला जन्मापासून पित्तनळ्या बंद असण्याचा आजार होता. तो पाड्यावरच्या बाळालाही होतो. खूण साधी आहे. दोन आठवडे उलटले तरी कावीळ उतरत नाही, लघवी गडद पिवळी आणि शी पांढरट होते. साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर बाळाचे स्वतःचे यकृत वाचण्याची आशा जास्त. आवण जुने झाले की मग कितीही खत घाला, फुटवे कमीच. तसेच हे. आपल्याकडे मात्र आधी काविळीची माळ, मग झाडपाला, आणि यात दोन महिने निघून जातात.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की प्रत्यारोपणातले मुलांच्या डॉक्टरांचे काम लसीकरणाच्या दिवशीच सुरू झाले पाहिजे. दीड महिन्याच्या डोसाला बाळ येतेच. तेव्हा नर्सबाईंनी, आशाताईंनी शीचा रंग विचारावा आणि संशय आला तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी द्यावी. याला पैसा लागत नाही.

दुसरी बाजू अवघड आहे. महामार्गावर, माळशेज घाटात अपघात होतात. कधी मुलाचा मेंदू कायमचा मरतो. यंत्रावर छाती हलत राहते, म्हणून आईबापाला आशा वाटते. १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतात. त्यांत उपचार करणारा डॉक्टर असतो, प्रत्यारोपण करणारा नसतो. संमती आईची किंवा वडिलांची लागते. पैशाचा व्यवहार हा गुन्हा आहे. "किडनी काढून घेतात" ही भीती घालवायची, तर ज्या डॉक्टरवर घरच्यांचा विश्वास आहे त्यानेच जवळ बसून, साध्या मराठीत, मूल गेले हे आधी सांगावे. दानाचा प्रश्न त्यानंतर, आणि तो समन्वयकाने विचारावा. आईबाप नको म्हणाले, तर त्यांना बोल लावू नये.

लहान छातीत मोठ्या माणसाचे हृदय मावत नाही, म्हणून मुलाला मुलाचेच लागते. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरतच्या चौदा महिन्यांच्या बाळाचे हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात नवी मुंबईच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला बसवले. त्या आईबापाला कोणीतरी नीट समजावले असणार.

सरपंच आणि ग्रामसेवकांना विनंती आहे, की येत्या ग्रामसभेत तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांना बोलवा आणि अर्धा तास द्या. खताच्या टंचाईवर आपण तीन तास भांडतो. पोरांसाठी अर्धा तास जड नाही.